सर हँग झाले

आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचं दार मी जोरात ढकललं, आणि ते थेट एका माणसाच्या छातीवर आपटलं. छातीवर म्हणजे... छातीशी कवटाळलेल्या कॉम्प्युटरवर! डबा निसटला, त्यानं धरला, मीही धरला, आणि दोघं उंबऱ्यात त्या डब्याला मिठी मारून उभे.

“सोडा आता,” मी म्हटलं.

“तुम्हीच धरा. माझ्याकडून पडेल.”

तो गणिताच्या शिकवण्या घ्यायचा, घरबसल्या, ऑनलाइन. “शिकवताना मी पडद्यावर मध्येच गोठतो,” त्यानं सांगितलं. “तोंड उघडं, बोट वर. मुलं लिहितात, ‘सर हँग झाले’. सोमवारपासून परीक्षेची उजळणी आहे. आता अडकलो, तर पालक मुलांना काढून घेतील.”

मी मशीन लावलं. चहा केला, प्यायले, कप विसळला, तरी पडद्यावरचं चाक फिरतंच आहे! अखेर उघडलं, तर आत तीन-तीन अँटिव्हायरस. एका ओट्यापाशी तीन सासवा, मग स्वयंपाक होणार कधी? कोपऱ्यात ओळ होती, ‘ही कॉपी अस्सल नाही’.

“सिस्टिम कोणी टाकली?”

“मित्रानं. फुकटात. म्हणतो, परत टाकून देतो...”

“मग त्याच्याकडेच जा.” मी ताठ झाले. “चोरीची कॉपी माझ्या हातून जाणार नाही. नवी डिस्क, नवी सिस्टिम, लायसन्ससकट. पटलं तर ठेवा.”

तो बघतच राहिला. डोळे मात्र हसत होते. “तुमच्याशी कोणी वाद घालतं का हो?”

“मामा घालतात. हरतात.”

दुकान मामांचं. ते आतून खाकरले.

जुनं पुसण्याआधी काय ठेवायचं ते विचारायला मी त्याला शेजारी बसवलं. ‘नवीन फोल्डर’, त्याच्या आत आणखी ‘नवीन फोल्डर’... “यात काय आहे?”

तो चक्क लाजला. “मुलांची उत्तरं. काही मुलं कच्ची असतात ना... ज्या दिवशी एखाद्याचं पहिल्यांदा बरोबर येतं, त्या उत्तराचा फोटो ठेवतो. पुढे रडायला लागला, की दाखवायचा.”

मी वळून तारा नीट करायला लागले. तारा नीटच होत्या. मला हा माणूस आवडला होता... आवडला म्हणजे, फारच.

दुसऱ्या दिवशी सिस्टिम टाकून झाली. फक्त लायसन्स उरलं. मामा कानाशी आले. “लायसन्स नको, महिन्याची फुकट ट्रायल राहू दे. संपली, की येईल परत. सगळं एकदम दुरुस्त करणारा उपाशी मरतो, बाई!”

ते धंद्याचं बोलत होते की माझं, देव जाणे. पण मोह झाला. दर महिन्याला तो येणार, शेजारी बसणार, लाजणार... आणि ट्रायल संपायची ती नेमकी शिकवणी रंगात असताना. पुन्हा तोंड उघडं, बोट वर, आणि मुलं हसताहेत. नाही! त्याच्या कामाशी खेळून मला तो नको होता. मी कायमचं लायसन्स टाकलं. मशीनबरोबर उगाच उठून बसणारे सगळे प्रोग्रॅम बंद केले. एकही खोट ठेवली नाही.

“ऐकायचं नाहीच,” मामा पुटपुटले.

“नाहीच.”

तो न्यायला आला. मी बटण दाबलं. तो खुर्ची ओढून टेकतोय, तोवर मशीन तयार!

“झालं?” त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला. “म्हणजे... आता काही बिघडणार नाही?”

“इतक्यात तरी नाही.” मागे फिरणं माझ्या रक्तात नाही. “म्हणजे इथं यायला तुम्हाला कारण उरलं नाही. म्हणून सरळच सांगते. मला तुम्ही आवडता.”

तोंड उघडं, बोट वर. सर खरोखरच हँग झाले. मी वाट पाहिली.

“रविवारी येऊ?” त्यानं हळूच विचारलं.

“रविवारी दुकान बंद असतं.”

“म्हणून तर विचारतोय.”