उरलेले अर्धे चित्र

फ्रिजच्या अगदी खालच्या कप्प्यात, जिथे इतर घरांत भाजी असते, तिथे अंधारबाईंच्या घरी एक कॅमेरा होता. जाड काळ्या पिशवीत गुंडाळलेला आणि तोंड दोऱ्याने घट्ट बांधलेला. त्या दिवशी दुपारी त्यांनी तो बाहेर काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि त्याचा गारवा पुरता उतरेपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही, असे नणंदेला बजावले.

"फ्रिजमध्ये नवरा ठेवणारी वहिनी जगात माझी एकटीचीच असेल," नणंद म्हणाली.

"नवरा नाही. नवऱ्याची पाठ," बाई म्हणाल्या.

अंधारबाई हे नाव इस्पितळात पडलेले. क्ष-किरण विभागात रोग्यांची चित्रे काढण्यात आणि काळ्या खोलीत फिल्म धुण्यात त्यांची नोकरी सरली होती, आणि ते नाव त्या एखाद्या पदवीसारखे मिरवीत. यजमानांचे चष्म्यांचे दुकान होते. दोघांना छंद एकच : गच्चीवरून अंतराळयानांची उड्डाणे पाहायची आणि टिपायची. खाडीपलीकडच्या तळावरून यान सुटले, की पूर्वेकडे नारिंगी रेघ उमटे, आणि शेजारचे लोक नुसते "अरे वा!" म्हणत असताना ही दोघे श्वाससुद्धा जपून घेत.

सहा वर्षांपूर्वी असेच एक यान एका लघुग्रहावरची माती आणायला निघाले. बाईंच्या जुन्या कॅमेऱ्यात रीळ पुढे न सरकवता त्याच जागी दुसरे चित्र घेता येई. त्यावरून यजमानांच्या डोक्यात कल्पना आली : यानाची चढती रेघ आणि मातीची कुपी परत येईल तेव्हाची उतरती रेघ, दोन्ही एकाच चौकटीत घ्यायच्या. बाईंनी भिंग उघडे ठेवले. यजमान कठड्याशी पाठमोरे उभे राहिले; रेघ विझेपर्यंत तसूभरही हलले नाहीत.

"अर्धं झालं," ते म्हणाले. "उरलेलं अर्धं कुपी परतली की. तोवर धुवायचं नाही हं!"

त्याच आठवड्यात दुकानात एका गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता ते मटकन खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

स्वतःचे छायाचित्र काढून घ्यायचा त्यांना मनस्वी कंटाळा. त्यामुळे न धुतलेल्या त्या फिल्मवरची पाठमोरी आकृती हेच त्यांचे अखेरचे चित्र होते, आणि ते अजून कोणीही पाहिलेले नव्हते. आज संध्याकाळी कुपी परतणार होती, आणि त्याच चौकटीवर आता पुन्हा उजेड पाडायचा होता. ट्रायपॉडला धक्का लागला किंवा उजेड जास्त शिरला, तर कुपीची रेघ जाईलच. पण पाठही जाईल.

"अजून वेळ गेलेली नाही," जिना चढताना नणंद म्हणाली. "आत्ताच धू. दादाचं चित्र तरी हाती लागेल. आभाळातली रेघ काय, पुढच्या महिन्यात दुसरी येईल."

"शब्द दिलाय मी."

"ज्याला दिलास तो विचारायला येणार आहे का?"



सूर्य मावळला होता. गच्चीच्या फरशीवर यजमानांनी पांढऱ्या रंगाने काढलेले तीन ठिपके अजून शाबूत होते. ट्रायपॉडचे पाय त्यांवर अचूक बसले. भिंगासमोर काळा पुठ्ठा धरून बाईंनी कळ दाबून अडकवली. आता पुठ्ठा बाजूला केला, की उजेड आत. पुन्हा धरला, की चित्र बंद. मधल्या वेळात चौकटीतून कोणी चालत गेले, तरी फिल्मवर त्याची खूण राहत नाही. जो थांबतो, तोच उमटतो. म्हणून नणंदेला त्यांनी मागे, टाकीच्या आडोशाला बसवले होते.

वारा पडला. खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकल कुलूप लावून ठेवली. त्यानंतर काहीच ऐकू येईना.

मग पूर्वेकडे, ढगाच्या एका चिंधीवर, ठिणगी दिसली. बाईंनी पुठ्ठा काढला.

कुपी विलक्षण शांतपणे उतरत होती. पिवळी, मग पांढरी, मागे तुटत जाणारी शेपटी. इतका उजेड, आणि आवाज अजिबात नाही. बाईंची नजर रेघेवर होती, कोपरे बरगड्यांना चिकटलेली होती, आणि तेवढ्यात त्यांना वास आला. ओल्या भुकटीचा. चष्म्याची भिंगे घासताना यजमानांच्या बोटांना येई, तोच.

कठड्याच्या बाजूने चपला फरफटल्याचा आवाज आला.

"वहिनी…" टाकीमागून अगदी दबलेला स्वर. "कोणी आलं का गं?"

"हलू नकोस. भिंग उघडं आहे."

"मी इथेच आहे… मी नाही हलले…"

चपला पुन्हा फरफटल्या. दोन पावले डावीकडे, एक उजवीकडे. उभे राहायला नीट जागा शोधणाऱ्या माणसासारखी. बाईंना मान वळवून पाहण्याची अनावर इच्छा झाली. भीतीपेक्षा ते कुतूहलच अधिक होते. पण मान वळली असती, तर हात हलला असता. आणि मग तोंडून जे निघाले, ते त्यांनी ठरवून म्हटलेले नव्हते. काचेपलीकडच्या शेकडो रोग्यांना त्यांनी जे आयुष्यभर सांगितले, तेच सवयीने, हळू आवाजात निघून गेले :

"श्वास रोखा… हलू नका."

चपला थांबल्या.

रेघ विझेपर्यंत गच्चीवर कशाचीच हालचाल झाली नाही. बाईंनी पुठ्ठा धरला, कळ सोडली आणि मग कठड्याकडे पाहिले. कठड्याशी कोणी नव्हते. बऱ्याच वेळाने कुपीचा आवाज पोहोचला. लांब कुठेतरी जड कपाट सरकवावे, तसा.

"श्वास सोडायला सांगितलं नाहीस तू," नणंद पुटपुटली.

फिल्म त्यांनी न्हाणीघरात, फटींना टॉवेल लावून, त्याच संध्याकाळी धुतली. सकाळी ती वाळल्यावर नणंदेने खिडकीच्या उजेडात धरली.

"दोन्ही रेघा आल्यात… आणि वहिनी… दादा दोनदा आहे!"

डावीकडे पाठमोरी आकृती, चढत्या रेघेकडे पाहणारी. उजवीकडे तोच माणूस, आकाशाकडे पाठ करून सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारा. छाती भरलेली, श्वास रोखलेला.

"पाठमोऱ्याचे केस पांढरेफटक," नणंद म्हणाली, "आणि ह्याचे काळेभोर. असं कसं?"

"निगेटिव्ह आहे ती. सगळं उलटं दिसतं," बाई शांतपणे समजावू लागल्या. "ते गेले तेव्हा केस काळे होते. म्हणून पाठमोऱ्याचे इथे पांढरे दिसतात. आणि ह्यांचे इथे काळे दिसतात, म्हणजे…"

वाक्य पुरे झाले नाही.

"पिकलेत," नणंदेने पुरे केले. मग लहान मुलीसारखे तिने विचारले, "तिकडेही वय होतं का गं, वहिनी?"

बाईंनी भिंग घेतले आणि ओठ घट्ट मिटून पाहू लागल्या. पाठमोऱ्या आकृतीच्या स्वेटरला डाव्या कोपरावर भोक होते. ते शिवायचे त्यांच्याकडून राहून गेले होते, आणि तोच स्वेटर अंगात असताना यजमानांना अखेरचा निरोप दिला होता. समोर पाहणाऱ्या माणसाच्या अंगात स्वेटर तोच होता. फक्त कोपरावर आता ठिगळ होते. वेगळ्या कापडाचे, नीट कातरलेले, कडेने बारीक टाके घातलेले.

"हा टाका तुझा नाही," नणंद म्हणाली.

बाईंनी भिंग आणखी जवळ नेले. टाके एकसारखे होते, कोणीतरी सवडीने घातलेले. आणि सुई अजून ठिगळातच होती, दोरा चौकटीबाहेर गेलेला, पलीकडून कोणीतरी धरल्यासारखा ताणलेला.