फणसाची गिटार

पॉलिश पेपर आणायला मी बोर्लीला गेले, तिथून सगळं सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. दुकानदाराने विचारलं, "दार की खिडकी?" मी म्हटलं, "गिटार." शाळेत शिकवणाऱ्या बाईचं डोकं कधी फिरलं, असा चेहरा करून त्याने पुडकं बांधून दिलं.

गिटार माझ्या धाकट्या भावाची, संघर्षची. वादळात आमचा फणस आडवा झाला, त्याची एक जाड फळी संघर्षने पडवीत वाळत ठेवली होती. नोकरी न्हावा शेव्याला, कंटेनरच्या यार्डात. सुट्टीला आला की जेवणखाण विसरून ती फळी कापत, घासत बसायचा. भीमजयंतीच्या गाण्यांना स्वतःच्या हातची इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, एवढंच त्याचं वेड. आमचे बाबा निवृत्त मास्तर. एकदा भडकून म्हणाले, "हे डबडं वाजेल तेव्हाच मला तोंड दाखव." तो निघून गेला. आठव्या दिवशी माणगावजवळ त्याची बाईक ट्रकखाली आली.

त्या वाक्याबद्दल बाबा पुढे कधीच बोलले नाहीत. पण संघर्षच्या पहिल्या स्मृतिदिनाला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला महिना उरला, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जागृती, ती गिटार पुरी होईल का गं?"

मी संघर्षची वही उघडली. काय कशानंतर करायचं, सगळं त्याने लिहून ठेवलं होतं. लाकूड घासलं, छिद्रं बुजवायला सीलर मारला, मग चकाकीसाठी लॅकर. एक हात मारायचा, दिवसभर वाळू द्यायचा, बारीक पेपरने घासून दुसरा मारायचा. पिवळ्या लाकडाला मधाचा रंग चढला. फक्त वरच्या कडेला, वाजवणाऱ्याचं कोपर टेकतं तिथे, तळहाताएवढा भाग दर वेळी मंद पडायचा. रोजच्या वापराने झिजावा तसा. मी पुन्हा घासायचे, पुन्हा हात मारायचे. सकाळी परत तेच.

खारी हवा, मी स्वतःला सांगितलं. आमच्या घरात भुताखेतांची सोयच नाही. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा बाबांनी आम्हा दोघांकडून पाढ्यांबरोबर पाठ करून घेतल्या होत्या. आई मात्र एकदा त्या डागावरून बोटं फिरवत म्हणाली, "कोंबट हाय गं..." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी गिटारची मान बोल्टने आवळली, तारांचा आवाज पकडणारा पिकअप आणि तारा टेकतात तो ब्रिज बसवला, तारा चढवल्या. संघर्षच्या जुन्या ॲम्पला जोडून बटण दाबलं. घूंऽऽ असा आवाज घरभर पसरला. वहीत होतंच: आवाज येणार, तारांवर हात ठेवला की थांबला पाहिजे. मी हात ठेवला. थांबला नाही. मग संघर्षच्या सुट्या भागांच्या डब्यात नजर गेली. ब्रिजखालून न्यायची अर्थिंगची वायर तिथे तशीच गुंडाळलेली. नेमकी तीच विसरले होते.

गिटार संघर्षच्या रिकाम्या खुर्चीत टेकवली, ॲम्प चालूच ठेवला आणि अंगणात येऊन त्याच्या मित्राला, रितेशला, फोन लावला.

"ताई, त्या वायरशिवाय कोणी पण हात लावू दे, आवाज बंद नाय होणार," तो म्हणाला. "मी येतो सोल्डर घेऊन, जोडून देतो."

मी फोन ठेवला, आणि घरातला आवाज थांबला.

वीज गेली असेल म्हणून आत आले. पंखा फिरत होता. ॲम्पचा लाल दिवा पेटलेला होता. बाबा खुर्चीसमोर पाटावर बसले होते, दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर. खोलीत ओल्या लॅकरचा वास दाटला होता. शेवटचा हात मारून तर पाच दिवस झाले होते.

"बाबा... तुम्ही काही केलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "वाजलं ना ते डबडं," ते पुटपुटले. "म्हणून आला..."

मला भीती वाटली. खरं सांगते, तिथून पळून जावंसं वाटलं. पण बाबा रडत होते. संघर्षला नेलं त्या दिवशीही ते रडले नव्हते.

"पोरा," ते खुर्चीकडे बघत म्हणाले, "मी तसं बोलायला नको होतं रे..."

बराच वेळ काही झालं नाही. मग, कुणी अलगद हात उचलावा तसा, तो आवाज पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी रितेश आला. त्याने ॲम्प बंद केला, गिटारचं मागचं झाकण उघडलं, वायर सोलली, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"ती वायर बसवू नको."

"अहो सर, मग कोणाच्याच हाताने थांबणार नाय आवाज."

"म्हणूनच," बाबा म्हणाले, आणि ॲम्प चालू करून पुन्हा खुर्चीसमोर पाटावर जाऊन बसले.