तीन पिवळ्या रेघा

मुलगी बॅग घेऊनच आली. वहिनींच्या माहेरचं कोणी राहायला आलं असावं, असं समजून भावजी चहाचं आधण ठेवायला उठले.

"बसा, भावजी," वहिनी म्हणाल्या. "ही पाहुणी नाही. हिला कुणीतरी घराबाहेर काढलंय."

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावजी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ते वहिनींबरोबर हिंडत. आपली मदत होते असं त्यांचं ठाम मत होतं. वहिनींनी त्यावर आजवर काही म्हटलं नव्हतं.

मुलगी इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होती आणि हे तिचं सहावं वर्ष होतं. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे काही महिने उद्योगात इंटर्नशिप करायची म्हणून ती एका कारखान्यात लागली. तिथे वाफेच्या पाइपांच्या जोडांतून गळती होऊ नये म्हणून बसवायची सीलं बनत. चाचणीच्या यंत्रावर एक वयस्क ऑपरेटर होता, त्याला सगळे काका म्हणत. हिला खोली मिळेना, तेव्हा काकांनी हिला आपल्याच घरी नेलं. काकूंनी पोटच्या पोरीसारखं वागवलं. कामात हात पोळला की मलम लावलं, उशीर झाला की दारात उभ्या राहिल्या.

गेल्या आठवड्यात चाचणी चालू असताना जोड सुटला आणि वाफ काकांच्या अंगावर आली. इस्पितळात दोन दिवस तडफडून ते गेले. जोडाचे आठ नट हिने आवळले होते आणि त्यांतले तीन सैल निघाले. काकूंनी हिची बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली आणि आतून कडी लावली.

"मी आठही नट आवळले होते," मुलगी म्हणाली. "आवळून प्रत्येकावर रेघ ओढली होती."

ती त्या कारखान्याची रीतच होती. थंड जोडाचा नट आवळून झाला की रंगाच्या पेनाने नटावरून खालच्या लोखंडावर एक सरळ रेघ ओढायची. नट पुढे केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा, हिचा पिवळा. पण सैल निघालेल्या तीन नटांवरही पिवळ्या रेघा सरळच होत्या. म्हणजे हिने न आवळताच रेघा ओढल्या, असा निकाल कारखान्याने देऊन टाकला होता.

वहिनींनी खोदून खोदून विचारलं, तशी बाकीची हकीकत निघाली. त्या दिवशी हिचे गाइड कामाचा आढावा घ्यायला आले होते. हिने त्यांना हौसेनं सगळं यंत्र दाखवलं, रेघांची रीतही सांगितली. इथे नोकरी देऊ करताहेत, आता तरी प्रबंध सादर करू द्या, अशी विनवणी केली. सर हसून "बघू" म्हणाले. मग यंत्र तापत ठेवून सगळे जेवायला गेले. जोड आधी नुसता तापवायचा आणि दाब जेवणानंतर चढवायचा, असा क्रम होता.

"सगळ्यांनी पाठ फिरवली, एकटे सर माझ्याजवळ बसून राहिले," ती डोळे पुसत म्हणाली. "माझं हरवलेलं पेनसुद्धा त्यांनी इस्पितळात आणून दिलं. डिग्रीचं काय व्हायचं ते होवो. काकूंनी एकदा दार उघडावं, एवढंच मला हवंय."

कारखान्यात तो जोड होता तसा ठेवला होता. वहिनींनी चष्मा पुसून एकेक नट पाहिला. भावजींनीही पाहिलं. पाच रेघा गुळगुळीत होत्या. उरलेल्या तीन रेघांवर बारीक फोड उठले होते, कडा करपल्या होत्या.

"वाफेनं भाजल्या असतील," भावजी म्हणाले.

"वाफेनं तीनच निवडून काढल्या वाटतं," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी स्टोअरमधून लोखंडी पट्टी आणि काही नट मागवले. ऑफिसातल्या चहाच्या विजेच्या शेगडीवर पट्टी तापत ठेवली आणि तिच्यावर एक नट. भावजींनी मनात म्हटलं, वहिनींचं आता वय झालं.

वहिनींनी एकेकाला बोलावलं. पहिला आला फिटर. यंत्रावरचं काम आपल्याला मिळेल म्हणून तो डोळे लावून बसला होता आणि ते या शिकाऊ पोरीला मिळालं. तो राग त्याने लपवलाही नाही. जेवणाच्या सुट्टीत बिडी ओढायला बाहेर गेलो होतो, म्हणाला. जेवणाआधी त्या शिकाऊ बाईसाहेब पेन हरवलं म्हणून सगळीकडे शोधत होत्या, एवढं मात्र त्याला आठवत होतं. वहिनींनी पिवळं पेन पुढे करून रेघ ओढून दाखवायला सांगितलं. त्याने पट्टीकडे पाहिलं, "निवू द्या आधी," म्हणाला आणि निघून गेला.

दुसरा आला प्लँटचा इंजिनिअर. सील त्याच्या डिझाइनचं होतं, आणि पोरीच्या चाचण्यांत ते कच्चं ठरत होतं. ती इथून निघून गेली असती तर मला बरंच वाटलं असतं, असं त्याने सरळ सांगितलं. सुट्टीभर तो आपल्या टेबलाशी एकटाच होता. पट्टीवर त्याने हाताची मागची बाजू धरून पाहिली, ती तशीच राहू दिली आणि दुसरा थंड नट घेऊन रेघ ओढली.

शेवटी गाइड आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि आवाज मधाळ.

"माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. पण घाई फार. नोकरी देत होते का तिला? हे तर तुमच्याकडूनच कळतंय."

जेवून आपण आवारात पाय मोकळे करत होतो, असं ते म्हणाले. रेघेची गोष्ट निघताच त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. नट फिरला की रेघ कशी तुटते ते त्यांनी नीट समजावलं आणि शेगडीवरच्या पट्टीवर झोकात रेघ ओढून दाखवली. वहिनींनी आभार मानले. भावजींना हा माणूस फार आवडला.

दुपारी वहिनींनी सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं. मॅनेजर आले, एक पोलीस अधिकारीही आला. मुलगी खांबाला टेकून उभी राहिली.

"आठही रेघांनी एकच उष्णता सोसली," वहिनी म्हणाल्या. "पण वाळलेला रंग नंतर तापला तर फुगत नाही. ओला रंग तापलेल्या लोखंडावर पडला तर उकळतो. पाच रेघा त्या दिवशी सकाळी थंड जोडावर ओढल्यात, तीन जोड तापल्यावर. म्हणजे सुट्टीत कुणीतरी तीन नट सैल केले, जुन्या रेघा पुसल्या आणि पिवळ्याच रंगाने नव्या ओढल्या."

"पेन तर हिचंच," मॅनेजर म्हणाले.

"ते जेवणाआधीच हरवलं होतं. शिवाय हिला आणि इथल्या प्रत्येकाला माहीत आहे की गरम लोखंडावर रेघ ओढायची नाही. फिटरने ओढली नाही, इंजिनिअरने हात धरून पाहिला. आम्हाला असा माणूस हवा होता, ज्याला रेघेचा अर्थ कळतो पण रंगाचा स्वभाव कळत नाही."

त्यांनी ती पट्टी पुढे केली. पिवळी रेघ फोडांनी भरली होती.

"नोकरीचं हिने तुम्हाला त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं, सर. मग माझ्याशी खोटं का बोललात? आणि हिचं पेन तुमच्याकडे कुठून आलं?"

भावजींना आत्ता कुठे ते इस्पितळातलं पेन आठवलं. काका आत भाजून पडले असताना या माणसाने त्याच पेनाबद्दल हिचे आभार घेतले होते.

सरांनी आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग पोलिसाकडे. आवाज मधाळच राहिला.

"थोडी गळती व्हायला हवी होती, बस. आकडे बिघडले असते, ही परत आली असती. माझी लॅब हीच चालवते. हिला सोडून मी काय करायचं होतं?" मग ते मुलीकडे वळले. "आणि तू कसला आनंद करतेस? सहा वर्षांचं काम माझ्या नावावर आहे. आता तुझा प्रबंध कोण वाचणार आहे?"

पोलीस त्यांना घेऊन गेल्यावर मॅनेजर घसा खाकरत म्हणाले की विद्यापीठाच्या या भानगडीत कारखान्याला पडायचं नाही. इंटर्नशिप आजपासून बंद, नोकरीचंही विसरावं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं समाधान होतं, आणि भावजींना त्याची चीड आली.

संध्याकाळी तिघं काकांच्या घरी गेली. या वेळी कडी निघाली. काकू दारात उभ्या राहिल्या आणि वहिनींनी सांगितलेलं सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मुलगी त्यांच्या पायांकडे बघत होती.

"म्हणजे नट तू सैल ठेवले नव्हतेस," काकू म्हणाल्या.

"नाही, काकू."

"त्या माणसाला रेघांचं कुणी शिकवलं?"

मुलीचे ओठ हलले. "मी. हौसेनं दाखवलं होतं."

"आणि पेन?"

"माझंच."

काकूंनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. आतून काकांच्या खुंटीवरची तिची एक ओढणी आणून तिच्या हातात दिली. मग दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला.

भावजींनी बॅग उचलली.