जागा एकच

‘छंद’ या सदराखाली त्याने लिहिलं होतं – वाचन, प्रवास, संगीत.

मी मान वर केली. समोर एक उंच, सावळा तरुण बाहीला घाम पुसत उभा होता.

“शेवटचं काय वाचलंत?”

तो गोंधळला. “एसटीची पाटी. कवठे येमाई ते शिरूर.”

“आणि प्रवास?”

“त्याच एसटीनं.”

असं म्हणून तो हसला... आणि गालाला खळी पडली. हा माणूस डोक्याला ताप होणार, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ही २००१ सालची गोष्ट. शिरूरच्या एसटी स्टँडसमोर एका कॉम्प्युटर टायपिंगच्या दुकानात मी कामाला होते. रांजणगावच्या एमआयडीसीत जागा निघाली की आसपासच्या गावांतली पोरं बायोडाटा करायला आमच्याकडे धावायची. आणि सगळ्यांचा बायोडाटा सारखाच! सगळे मेहनती, सगळे प्रामाणिक, सगळ्यांना संगीत आवडतं. साहेबाने निवडायचं तरी कुणाला?

याचं नाव महेंद्र. बी.कॉम. झालेला. बायोडाटा चांगला तीन पानी, त्यात चौथीतल्या लिंबू-चमच्याचं बक्षीससुद्धा.

“हे काढा.”

“बक्षीस खरं हाय, मॅडम.”

“असेल हो! पण तिथे स्टोअर असिस्टंट हवाय. चमच्यात लिंबू घेऊन पळायचंय का स्टोअरमध्ये? काम काय केलंय, ते सांगा.”

“काम... तसं काय न्हाई. मार्केट यार्डात आडत्याकडं गोण्यांची आवक-जावक लिवायचो, दोन वर्षं. पण ते काय सांगायचं?”

मी कपाळावर हात मारला. जे वर लिहायचं तेच हा माणूस लपवून बसला होता! तीन पानांचं मी एक पान केलं, मार्केट यार्ड सगळ्यात वर घेतलं. आता सेव्ह करणार – तेवढ्यात लाइट गेली. झाली सगळी मेहनत पाण्यात.

“जाऊ द्या,” तो अंधारात म्हणाला, “तेवढंच आणखी बसाया मिळंल.”

मी डोळे वटारायला गेले... पण जमलं नाही.

मग तो सारखाच यायला लागला. कधी स्वल्पविराम चुकला म्हणून, कधी फोन नंबर बदलायचा म्हणून.

“तुमच्या घरी फोनच नाहीये ना?”

“म्हणून तर आलो. कुणाचा टाकू?”

असा सगळा प्रकार! मी वैतागायचे, आणि दार वाजलं की आधी केस सारखे करायचे.

एकदा तो आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून वाचायला लागला. स्क्रीनवर माझा स्वतःचा बायोडाटा होता. तीच कंपनी, तीच जागा.

“तुम्ही बी?”

“का? दुसऱ्यांचेच टाईप करत म्हातारी होऊ?”

“तसं न्हाई... जागा एकच हाय.” तो खाली बघत म्हणाला, “मला न्हाई मिळाली तर आबा चाकणला धाडणारेत. मामाकडं.”

चाकणला गेला, की याचं रोजचं येणं बंद! पण नोकरी मलाही हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

बोलावणं दोघांनाही आलं. मुलाखतीच्या दिवशी मी रांगेत, आणि याचा पत्ता नाही! शेवटी गेटबाहेर येऊन बघते, तर स्वारी टपरीवर चहात बिस्कीट बुडवतेय.

“अहो, आत चला!”

“मी न्हाई येत. तुम्हालाच मिळू द्या.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “उपकार करताय? म्हणजे तुम्ही नव्हतात म्हणून मला नोकरी लागली, असं जन्मभर वाटू दे मला? आणि तुम्ही असताना मी हरेन, हे ठरवलं कुणी?”

“तुम्ही हरल्याचं मला बघवणार न्हाई...”

“आणि मला तुमचं हे बिस्कीट बघवत नाहीये! उठा!”

बिस्कीट चहात पडलं. तो मुकाट्याने उठला आणि रांगेत माझ्या मागे येऊन उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात गेटवर नाव लागलं. माझं.

महेंद्रने ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा उतरला. मग हसायचा प्रयत्न करत तो म्हणाला, “जळतंय. खोटं कशाला बोलू? पण आनंद बी झाला, गौतमी. खराच झाला... परवा निघतो मी.”

खरं तर मी नाचायला हवं होतं. आणि मी मात्र ओढणीला डोळे पुसत उभी! त्या रडण्याचाही मला राग आला, आणि तो सगळा राग त्याच्यावरच निघाला.

“ऐका. तुम्ही आलात की माझं डोकं फिरतं. नाही आलात तर दिवस जात नाही. प्रेम आहे माझं तुमच्यावर! झालं समाधान?”

तो बघतच राहिला. 

“अहो, बोला की काहीतरी!”

“काय बोलू...” त्याचे कान लाल झाले होते. “तेच सांगाया तर येत व्हतो रोज.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही बोलू कुठं दिलं?”

मी ओढणी सारखी केली.  

“चाकणहून रविवारी थेट आमच्या घरी यायचं,” मी म्हणाले. “आईच्या नावानं विचारा, सोजरबाईंचं घर म्हणा, कुणीही दाखवेल. मी मध्ये बोलणार नाही. आईशी तुम्हीच बोला.”