सा लागला की कडी

आई गेल्यावर घर रिकामं करायला थोरली लेक आली. ती संगीत शिकवायची. शास्त्राबाहेरचा एक सूर लागला की तिच्या कपाळाला आठी पडे. मुलं पाठीमागे तिला ‘व्याकरणबाई’ म्हणत. आई अगदी उलट, सारं कानाने वाजवणारी.

संध्याकाळी सगळे घरी येईपर्यंत आई पेटीवर मनाला येईल ते वाजवत बसे. शेवटचं माणूस आत आलं की ती ‘सा’वर टेकायची, आणि तो ऐकून कुणीतरी दाराला कडी घालायचं. घराची रीतच होती ती. मग एका संध्याकाळी धाकटा भाऊ बाहेर पडला, तो परतलाच नाही.

“शेवटपर्यंत वाजवायची गं,” किल्ली देताना शेजारच्या काकू म्हणाल्या. “पण सूर कधी टेकवला नाही. दारालाही कडी नाही. ऐकताना जीव टांगणीला लागायचा.”

“कुठेही भटका काकू, शेवट ‘सा’वरच. नियम आहे तो.”

काकू आपल्या घराकडे वळल्या.

ऊन कलायला लागलं होतं. घरात कोंडलेल्या कपड्यांचा वास होता. दार नुसतं लोटून ती टेम्पोवाल्याची वाट बघत बसली. बसल्या बसल्या तिने पेटी उघडली, भाता हलवला. बोटं नकळत आईच्या त्या भरकटलेल्या चालीवर गेली. नको ते सूर, वेड्यावाकड्या उड्या... तिला राहवेना. तिने चाल सरळ केली, पायरी पायरीने खाली आणली आणि सा धरला. बरं वाटलं.

मागे दाराची कडी खट्कन लागली.

ती वळली. दारापाशी कुणी नव्हतं. बाहेरून मात्र हलकेच टकटक झाली.

“ताई... आलो ना मी. कडी का घातलीस?”

आवाज तोच, मिसरूड फुटतानाचा. धावत जाऊन तिने कडी काढली. अंगण मोकळं होतं, ऊन तसंच.

आई इतकी वर्षं काय सांभाळत होती, ते तिला तेव्हा कळलं. दार सताड उघडं टाकून ती रडत पेटीपाशी बसली. सूर मोकळा ठेवायचा, बस्स. आई ठेवायची तसा. पण बोटांना नियम तोंडपाठ. रे लागला की पुढचं पाऊल ठरलेलं. लांब लांब भटकूनही चाल घरंगळत खाली आली, आणि सा लागला.

दार आपसूक लोटलं गेलं. कडी लागली.

मग बाहेरून, अगदी दाराजवळून, दमलेल्या आवाजात...

“ताई... पुन्हा?”