भरवशाचा पत्ता

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला पोस्टमास्तर म्हणत, कारण ऑफिसची ईमेल तोच सांभाळायचा. नको त्या मेल अडवणारा फिल्टर त्याने लावला होता आणि नियमही त्याचाच: आपल्यापैकी कुणी ज्याला एकदा लिहिलं, तो आपला. त्याच्या मेल न तपासता सगळ्यांकडे आत सोडायच्या. रोजची कटकट मिटली म्हणून लोक खूश होते.

बायको गेल्यानंतर एका दुपारी त्याला राहवलं नाही. तिच्या बंद पडलेल्या पत्त्यावर त्याने लिहिलं, 'घर खायला उठतं गं.' मेल परत आली; असा पत्ताच उरला नव्हता. पण नियम तो नियम. फिल्टरने तिला आपल्यांत धरलं.

आठवड्याभरात तिच्या नावाने जाहिराती येऊ लागल्या, त्याही गोळ्यांच्या. जिवंतपणी रोज 'गोळी घेतलीत का?' म्हणून पिच्छा पुरवणारी बाई आता अर्ध्या किमतीत गोळ्या विकत होती. त्याला हसू आलं, आणि मग हुंदका आवरेना.

"पत्ता चोरलाय कुणीतरी," त्याने हिशेबनीस बाईंना समजावलं. "पाकिटावर कुणाचंही नाव घालता येतं. फिल्टर नाव बघतो, पाठवणारा कोण ते नाही बघत."

"मग काढून टाका ना ते नाव."

"काढतो," तो म्हणाला. काढलं मात्र नाही.

मग एक मेल आली ती जाहिरात नव्हती. 'आजची गोळी शर्टाच्या खिशातच राहिली.' त्याने खिसा चाचपला. गोळी होती. चोराच्या हाती तिच्या जुन्या मेल लागल्या असतील, त्याने स्वतःला बजावलं; अंधारात मारलेला खडाही कधी कधी लागतो. दुसऱ्या दिवशी आलं, 'माझी उशी उन्हात का टाकलीत? माझा वास गेला ना तिच्यातला.' उशी त्याने त्याच सकाळी टाकली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्याला भीती वाटली नाही. बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

त्याच आठवड्यात हिशेबनीस बाईंनी त्या नावाने आलेली एक लिंक उघडली आणि त्यांच्या संगणकातलं वर्षभराचं काम कुलूपबंद झालं; एकही फाइल उघडेना. बाई रडत होत्या. "माझ्याही घरी आजारी माणूस आहे हो. स्वस्त दिसल्या गोळ्या, म्हणून उघडलं."

आता चालढकल शक्य नव्हती. त्याने तिचं नाव निवडलं. 'नक्की काढायचं?' पडद्यावर आलं.

"माफ कर गं," तो पुटपुटला आणि 'हो' दाबलं. तिला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं.

मेल थांबल्या.

रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. ती परगावी नोकरीला होती, एकटीच राहायची.

"बाबा, आईची मेल आली."

"खोटी आहे ती, बाळा."

"म्हणते, तुझ्या बाबांनी दार लावून घेतलं. फार दमलेय, म्हणते."

"उत्तर नाही ना दिलंस?"

"दिलं. ये म्हटलं."

"ऐक माझं, आत्ताच्या आत्ता..."

"नंतर बोलू, बाबा." ती रडत होती की हसत, कळेना.

फोन बंद होण्याआधी त्याला तिच्या मागून, स्वयंपाकघरातून, ताटं मांडल्याचा आवाज आला.