ज्याच्यावाचून लग्न अडेल

विश्वजितची लुना वळणावरून आली ती थेट जवळ्यावर.

नावडे गावातल्या रस्त्याच्या कडेला सकाळच्या उन्हात जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातलेला. मनस्वी काठी घेऊन कावळे हाकत बसलेली. आणि हा बाबा आला, बुजला, नको तिथं ब्रेक दाबला... अर्धा जवळा चाकात, अर्धा त्याच्या इस्त्रीच्या पॅन्टवर!

"ओ! डोळे घरी ठेवून निघाला काय?"

"सॉरी... मला कान्हाशेठचं घर पायजे होतं."

"घर तिकडं हाय. ह्यो आमचा जवळा हाय."

"भरून देतो की मी."

"कशानं? बॅगेत सुकट घेऊन फिरता?"

"बॅगेत विमा हाय," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच ओशाळला.

मनस्वीनं ओढणी तोंडाशी नेली, पण हसू काय ओढणीत मावतंय होय? कारण कान्हाशेठ म्हणजे तिचा बाप, आणि विमा काढायचा होता तो तिच्याच लग्नाचा.

आता लग्नाचा विमा म्हणजे काय भानगड, असं तुम्ही विचाराल. अठ्ठ्याण्णव साल होतं, आमच्याकडं तेव्हा कुणाला ठाऊक? पण आदल्या वैशाखात शेजारच्या मांडवात फटाक्याची ठिणगी उडाली, कनाती जळाल्या, जेवणाची माती झाली. तेव्हापासून कान्हाशेठनं धसकाच घेतला. एकुलती एक पोर, जमिनीचे पैसे आलेले, घर तीन मजली. नवरामुलगा केतन, उरणचा, कंटेनर यार्डात कामाला. साखरपुडा झालेला. मग कुणी तरी सांगितलं, शेठ, असा असा विमा मिळतो. शेठनं लगेच पनवेलच्या ऑफिसात निरोप धाडला.

विश्वजित ओटीवर बसला आणि वाचायला लागला. आगीचा विमा. "लिवा." अवकाळी पावसाचा. "लिवा." दागिने चोरीला गेले तर? "लिवा लिवा." शेठ असा निवडत होता, जसा बाजारात पापलेट निवडतो, एकही मागं ठेवायला मन होईना.

"आता अशी माणसं सांगा," विश्वजित म्हणाला, "ज्यांना काही झालं तर लग्न थांबेल."

"नवरा, नवरी, आमी दोघं नवराबायको. झालं."

तेवढ्यात मनस्वी चहा घेऊन आली. त्यानं वर बघितलं... आणि बघतच राहिला.

"साखर कमी हाय का?" तिनं विचारलं.

"नाही... मी अजून प्यायलोच नाही."

काम संपलं. लुना गेली. संपलं असतं सगळं तिथंच. पण दुसऱ्या दिवशी मनस्वी उठली आणि गेली जोमाकाकाकडं. बापाचा थोरला भाऊ, नाकावर राग.

"काका," ती भोळेपणानं म्हणाली, "तुमचं नाव इम्यात नाय वाटतं."

"कसल्या इम्यात?"

"म्हंजे कुनाला काय झालं तर लग्न थांबनार, त्यांची नावं घेतली काल. बाबांनी तुमचं नाय सांगितलं."

झालं! काका बनियनवर शेठच्या दारात. "कान्हा, मी मेलो तरी तू वरात काढशील? बँजो लावशील? माझ्या मयताच्या शेजारनं नाचशील?"

शेठनं डोक्याला हात लावला आणि पनवेलला फोन लावला. लुना पुन्हा आली. ह्या खेपेला विश्वजित वळणावरच उतरला आणि गाडी हातानं ढकलत आणली. मनस्वी काठी टेकून बघत होती.

"शिकलात की," तिनं त्याचीच नक्कल केली.

"एकदा खाल्ला मार, बास झाला."

"मार कुठं? अजून द्यायचाच हाय."

काय आहे, तिला त्याचं ते 'की' आवडलं होतं. साताऱ्याकडच्या माणसाचं असतं तसं, वाक्याच्या टोकाला लावलेलं. त्याचा बाप तुर्भ्याच्या मार्केटात हमाली करायचा, पोरगं शिकून विम्याला लागलं, पण बोलणं तसंच राहिलं. एवढ्याशा 'की'साठी कुणी घरात भांडणं लावतं का? तिनं लावली. काकानंतर गोजराआत्या रुसली, "अंगावर खेळवलेली पोर, आनी माजंच नाव नाय?" मग मामा रुसला, तो तर मुंडावळ्या कोण बांधतंय बघतोच म्हणाला. दर वेळी फोन, दर वेळी लुना, दर वेळी चहा.

एकदा तिनं त्याला तांदळाची भाकरी आणि भाजलेला जवळा वाढला. तो ताटात वाकून बघत राहिला.

"ह्याला डोळे हायत."

"तुमी बघू नका त्यांच्याकडं. खावा."

"ते बघतायत त्याला काय करू?"

ती इतकी हसली की आतून आईनं हाक मारली. मग हसू आवरून तिनं विचारलं, "पावसाचा इमा घेतलाय ना आमी... तर पाऊस आलाच नाय तर?"

"तर लग्न होणार."

"आनी आला तर?"

"पैसे मिळणार... आणि मग होणार."

"म्हंजे व्हनारच."

"होणारच की," तो म्हणाला. ह्या वेळी 'की' जरा जड पडलं. दोघंही ताटाकडं बघत राहिली.

नातेवाईक संपत आले. मांडवाचे बांबू दारात येऊन पडले. तेव्हा मनस्वीनं शेवटचं माणूस काढलं, बयाबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात गाणी गाऊन लग्न लावते ती. मनस्वी तिला म्हणाली, "मावशे, तुजा घसा बसला तर गं?" बयाबाई तरातरा शेठकडं. गळ्याचा विमा काढल्याशिवाय म्हणे मी तोंड उघडणार नाही!

विश्वजित आला. शेठ बाहेर मांडववाल्यांवर ओरडत होता. ओटीवर दोघंच.

"एक विचारू?" तो म्हणाला. "बयाबाईंना कुणी सांगितलं?"

"सांगितलं असंल कोनी तरी."

"आणि जोमाकाकांना? आत्यांना?"

तिनं पायाच्या अंगठ्यानं लादी घासली. "तुमाला... कळलं व्हतं?"

"आत्यांच्या वेळीच कळलं."

"मग बोलला का नाय? एवढ्या उन्हातनं उगाच..."

"नावं फोनवर सांगितली असती तरी चाललं असतं," तो हळू म्हणाला. "साहेब मला तेच म्हणत होते. शेठना मीच सांगितलं, समक्ष यावं लागतं म्हणून."

वर पंखा कुरकुरत होता. तिला वाटलं, हा पंखा बंद करावा... का नको, चालूच असू दे, नाय तर छातीतलं ऐकू जायचं.

विश्वजितनं पेन उघडलं. कागदाकडं मात्र बघितलं नाही. "आता नीट आठवून सांगा. अजून कोणी राहिलंय का? ज्याच्यावाचून हे लग्न अडेल असं?"

आता ह्याहून सरळ माणूस काय विचारणार! तिलाही कळलं. उत्तर जिभेवर आलं. बाहेर बाप सांगत होता, "एकच पोर हाय माजी, अख्खा गाव जेवला पायजे." केतन आठवला. दर रविवारी फोन करायचा, लाजत विचारायचा, 'जेवलीस का?' एवढंच. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"नाय," ती म्हणाली. "कोनी नाय राहिलं."

पोरींनो, पंगतीत पहिल्यांदा 'नको' म्हणायची आपल्याला सवयच असते. वाढणारा वाकतो, आग्रह करतो, आणि मग आपण ताट पुढं करतो. तिचा 'नाय' तसला होता. त्यानं अजून एकदा, फक्त एकदा विचारावं, म्हणून ती थांबली होती. पण त्याचा धंदा विम्याचा. समोरच्यानं जे सांगितलं, ते त्याच्यासाठी खरं. त्यानं मान हलवली, टोपण लावलं, चहाचा कप उचलून स्वतः आत नेऊन ठेवला.

"येतो," म्हणाला.

"या," ती म्हणाली. तो लुना वळणापर्यंत ढकलत नेत होता, ती बघत राहिली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढाच तो लांब होता. खूप दिवस तिला तेवढंच अंतर आठवायचं.

लग्न झालं. आग लागली नाही, पाऊस आला नाही, एक नथसुद्धा हरवली नाही. जोमाकाका, आत्या, मामा, सगळे पहिल्या रांगेत छाती काढून उभे. बयाबाईचा गळा असा लागला की हायवेवरची माणसं थांबली. विश्वजितलाही शेठनं आग्रहानं बोलावलं होतं. तो पार मागं, मांडवाच्या खांबाला लागून उभा होता.

अंतरपाट खाली गेला. अक्षतांचा नुसता पाऊस. सगळ्यांचे हात रिकामे झाले, टाळ्या वाजल्या. मनस्वीनं मान जराशी वळवली, तर खांबापाशी त्याची मूठ मिटलेलीच. तिनं बघितलं हे त्यालाही दिसलं. त्यानं मूठ उघडली नाही. हळूच खिशात घातली आणि गर्दीतनं वाट काढत निघाला. जेवायलाही थांबला नाही.

"काय झालं?" केतन कानाशी पुटपुटला. "डोळ्यात तांदूळ गेला का?"

तिनं हो म्हणून मान हलवली. त्यानं लोकांच्या नकळत आपला नवाकोरा रुमाल तिच्या हातात सरकवला आणि कुणाला दिसू नये म्हणून तिच्यापुढं जरा आडवा उभा राहिला.

चांगला होता हो पोरगा. तेच तर.